छचा उपास

"मास्तर, घोडा व्हा!"

जगदेव मास्तरांना आधी वाटलं, शेजारच्याला म्हणाले असतील. पण शेजारचे मास्तर एकाएकी आपली टोपी झटकण्यात गुंगून गेले होते, आणि मागे तर भिंतच होती. म्हणजे घोडा आपल्यालाच व्हायचं होतं.

"मी?"

"तुम्हीच. 'घ' शिकवायचा आहे ना? मग फळ्यावर काढून काय होतं? मुलाला आधी घोडा दिसला पाहिजे, टापा ऐकू आल्या पाहिजेत, मग तो अक्षराकडे आपण होऊन येतो. उठा, लाज सोडा!"

बोलत होते इंद्रभान गुरुजी. अमरावतीहून नवाच अभ्यासक्रम शिकून आलेला तरणाबांड माणूस. अंगात जाडीभरडी खादी, आणि उत्साह असा की नुसतं त्याच्याकडे पाहूनच समोरच्यानं दमावं. त्या साली नवं मंत्रिमंडळ आलं होतं. शाळांमधून छडी जाणार आणि कला येणार, असं वर कुठंतरी ठरलं होतं. मातीतून अक्षर, गाण्यातून अक्षर, नाटकातून अक्षर! म्हणून खेड्यापाड्यांतले मास्तर कारंज्याला गोळा करून ह्या वर्गाला बसवले होते. बिचारे अर्धं आयुष्य 'क कमळाचा' म्हणत आलेले लोक. कुणी झाड होऊन डुलत होतं, कुणी चिमणी होऊन दाणे टिपत होतं, आणि सगळ्यांच्या तोंडावर, जुलाबाचं औषध घेतल्यावर असतो तसा भाव होता.

जगदेव मास्तर उठले. धोतराचा काचा मारला आणि "टप टप" असं तोंडानं म्हणत खोलीला एक फेरी घातली. दुसऱ्या फेरीला कमरेत काहीतरी कट्ट म्हणून वाजलं. इंद्रभान गुरुजी टाळ्या वाजवत म्हणाले, "वा! आता खिंकाळा!"

मास्तर खिंकाळले. का खिंकाळले, तेही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, ह्या वयात माणसाला काय सुचलं!

मास्तरांचं घर धनजला. तिथं त्यांचा विहिरीवरचा छोटा मळा. वांगी, मिरच्या, मेथी, थोडी फुलं. मळा बघणार त्यांची बायको तुळसाबाई. आणि मास्तरांची शाळा कुठं? तर इंझोरीला. जायचं म्हणजे गाडीबैल बघा, कारंज्याला उतरा, पुढं पायपीट करा, अख्खा दिवस त्यात. म्हणून सणासुदीलाच घर दिसे. बाकी वर्षभर मास्तर शाळेच्याच एका कोपऱ्यात चूल मांडून आपल्या हातची भाकरी खात. तिची एक बाजू जळायची आणि दुसरी कच्ची राहायची. इतकी वर्षं झाली, भाकरी काही सुधारली नाही. लोखंडी पेटीवर सतरंजी टाकून झोपताना मास्तरांच्या मनात एकच गोष्ट यायची, धनजच्या अंगणातली आपली सुंभाची खाट.

आणि ह्या वर्गातच इंद्रभान गुरुजींनी सांगून टाकलं होतं, "धनजचे म्हातारे मास्तर दिवाळीला घरी बसतायत. शाळा तपासणारे डिप्टीसाहेब आश्विनात दौऱ्यावर निघतील. कलेतून अक्षरं शिकवण्याचं काम ज्याचं त्यांच्या डोळ्यांत भरेल, त्याला ती जागा मिळेल."

हे ऐकल्यावर घोडा काय, मास्तर गाढवसुद्धा झाले असते.

इंझोरीला परत आल्यावर मास्तरांनी कामाला हात घातला. नाल्याकाठची चिकणमाती आणवली, पोरं गोल बसवली आणि म्हणाले, "करा रे 'क'."

पोरांचा हात मातीत तयारच होता. नुकताच पोळा होऊन गेलेला, घरोघर मातीचे बैल केलेले. त्यांनी भराभर 'क' केले, आणि प्रत्येक 'क'ला दोन शिंगं लावली.

"अबे, 'क'ले शिंगं कायले?"

"मंग तो मारन कसा?" चंपत नावाच्या पोरानं विचारलं.

'ख'ला वशिंड आलं. 'ग'च्या गळ्यात घुंगरमाळ आली. मास्तरांनी सगळ्यांची शिंगं आणि वशिंडं आपल्या हातानं उतरवली, उतरवता उतरवता दुपार झाली. कशीबशी 'क'पासून 'झ'पर्यंतची अक्षरं धड दिसायला लागली. ङ आणि ञ मास्तरांनी सोडूनच दिले. त्यांचं तोंड आयुष्यात कुणी पाहिलं नव्हतं.

आता ही वाळवायची कुठं? शाळेचं छप्पर गळत होतं. शाळेच्या ओसरीवर गावच्या बकऱ्या बसत, आणि त्यांना उठवायची कुणाची प्राज्ञा नव्हती. समोरच गिरजाबाईंचं घर होतं. गिरजाबाई म्हणजे गावच्या बायकांची पुढारीण. सात घरच्या सुना तिच्या एका हाकेला उभ्या राहत. तिचा ओटा लांबरुंद, वर पत्रा, तरी समोरून दिवसभर ऊन. मास्तरांनी दुपारच्या वेळी, घरात सगळ्या पडलेल्या बघून, अक्षरं तिथं नेऊन ओळीनं मांडली. कोपऱ्यात ज्वारीच्या धांड्यांचा एक छोटा मांडव होता, त्याच्यापुढं जागा स्वच्छ सारवलेली होती. तिथंच मांडली आणि मास्तर भाकरी थापायला निघून गेले.

आता काय म्हणावं ह्या माणसाला! वऱ्हाडात जन्म काढलेला माणूस. भादव्याची पौर्णिमा होऊन गेलेली. त्या दिवसांत कुणाच्या ओट्यावर ज्वारीच्या धांड्यांचा मांडव असतो तो कुणाचा, हे शेंबडं पोरही सांगेल. भुलाबाईचा! कोजागिरीपर्यंत भुलाबाई आणि भुलोजी मातीचे होऊन घरोघर येऊन बसतात. रोज संध्याकाळी पोरीबाळी जमतात, गाणी म्हणतात, डब्यात झाकलेली खिरापत ओळखायला लावतात. आणि ह्यानं नेमकी मातीची अक्षरं त्या भुलाबाईच्या पायाशी मांडावी, आणि वर म्हणावं की ती मातीचीच राहतील!

सकाळी मास्तर अक्षरं उचलायला गेले तर प्रत्येकाच्या कपाळाला हळदकुंकू आणि डोक्यावर झेंडूचं फूल.

"हात नका लावू, मास्तर!" आतून गिरजाबाई कडाडली. "आंघोय तरी केली काय?"

"बाई, हे अक्षरं हायेत. शाळेचे."

"असतीन. काल दुपारपरेंत असतीन. संध्याकायी कुंकू लागलं नं त्याइले."

"कोनं लावलं?"

"सुनाइनं लावलं. त्याइले वाटलं, भुलाबाईच्या सासरचे लोक पाहुने आले म्हून. सासूसासरे, दीर, नंदा. मीबी म्हटलं, एवढ्या सालात ते कधी आले नव्हते, आता आले त बसू द्या."

"पन ते देव नोहोत हो, गिरजाबाई!"

"तुमी शिकलेले, म्हून असं म्हनता. मातीले कुंकू लागलं, दिवा ओवायला, का तो देव झाला. आता कोजागिरीलोक हालत नाही तो. मंग वाजतगाजत नाल्यात शिरवून येऊ, तवा घेऊन जा माती."

डिप्टीसाहेब कोजागिरीच्या आधी येणार होते. मास्तर तडक पुंजाजी पाटलांकडे गेले. पाटील माणूस शहाणा. त्यानं सगळं ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि म्हणाला, "मास्तर, मी गावचा पाटील हावो. गिरजाबाईचा नाही. दुसरे करा नं अक्षरं. माती कायची महाग हाय काय?"

मास्तरांनी दुसऱ्यांदा अक्षरं केली. ह्या वेळी शहाणपण करून ती शाळेतच खिडकीत ठेवली. पण तोवर गावभर झालं होतं. गिरजाबाईच्या घरी भुलाबाईचं अख्खं सासर जेवायला येतं, आणि आपल्या घरी एक दीरसुद्धा नाही, हे बाकीच्या बायांना कसं सोसावं? संध्याकाळी शाळा सुटताना पोरांनी आईनं सांगितल्याप्रमाणे एकेक अक्षर उचललं आणि घरी नेलं. सकाळपर्यंत सगळ्यांना कुंकू लागलं होतं.

तिसऱ्यांदा माती आणायला गेले तर नाल्याकाठी नारळ फोडलेला. "जोडे काढा, मास्तर," तिथं धुणं धुणारी एक बाई म्हणाली. "देवाइची जागा हाय."

मास्तर जोडे हातात धरून रिकामे परत आले, पेटीवर बसले आणि गळत्या छपराकडे बघत राहिले. कमर ठणकत होती. धनजची खाट मनात एक कोस आणखी लांब गेली.

पण देव झाला म्हणजे नुसता देव होऊन भागत नाही. त्याला नाव लागतं आणि नैवेद्य लागतो. दुसऱ्याच संध्याकाळी गिरजाबाईचं बोलावणं आलं.

"मास्तर, ह्या देवाचं नाव काय?"

"तो 'ग'."

"खाते काय?"

मास्तरांना भूक लागली होती. जे तोंडात आलं ते बोलून गेले. "गूळ."

"आन हा?"

"'ख'. त्याले... खीर."

"बापा! हा मोठ्या घरचा दिसते. आन हा वाकडातिकडा?"

"'झ'. झुनका."

गिरजाबाईनं मान डोलावली, सुनांनी लक्षात ठेवलं. 'क'ला कढी लागली, 'च'ला चकल्या, 'ज'ला जिलबी. जिलबी ऐकून गिरजाबाईनं कपाळाला आठ्या घातल्या आणि "जवारीची भाकरच चालन त्याले" असं परस्पर ठरवलं. 'घ'ला घुगऱ्या. आणि मग आलं 'छ'.

"ह्याले काय?"

मास्तरांनी पुष्कळ डोकं खाजवलं. छपासून गिळण्याजोगं काही म्हणता काही आठवेना. दिवसभराचा शिणवटा डोळ्यांवर आला होता. शेवटी म्हणाले, "त्याचा आज उपास हाय."

"कायचा?"

"असाच. करते तो."

"आन उद्या?"

"उद्याबी."

बायांनी 'छ'कडे मोठ्या आदरानं बघितलं. रोज उपास करणारा देव गावात आधी कुणी पाहिला नव्हता.

तेव्हापासून मास्तरांच्या मागं रोजचा फेरा लागला. संध्याकाळ झाली की घराघरांतून हाका. "मास्तर, आमच्या देवाले पाहून जा. हा 'च' हाय का 'ज'? कालपासून चकल्या देऊन राह्यलो आमी, आन तो 'ज' निघाला त?" मास्तर दारोदार जात, बोट दाखवून नाव सांगत, हातावर पडेल ती खिरापत खात आणि पुढच्या घरी जात. बाया प्रत्येक देवावर गाणं रचायच्या. गिरजाबाईच्या धाकट्या सुनेनं रचलेलं तर पोरींना तोंडपाठ झालं होतं:

"ग दीर आले, गुळाचा खडा द्या गं,
ख सासरे आले, खिरीची वाटी घ्या गं,
छ भाऊजी रुसले, पान वाढू कुणा गं!"

'घ'चं गाणं काही जमेना. बाया म्हणाल्या, "हा देव मुका हाय." मास्तर थकून गेले होते, शाळेत परतायची घाई होती. त्यांनी कारंज्याचा घोडा काढून दाखवला, एक फेरी घातली, खिंकाळले आणि निघाले. झालं! दुसऱ्या दिवसापासून 'घ'ची पूजा मास्तरांच्या घोड्याशिवाय पुरी होईना.

आणि एका दिवशी, शाळा सुटायच्या वेळी, डिप्टीसाहेबांची बैलांची दमणी शाळेपुढं येऊन उभी राहिली.

डिप्टीसाहेब म्हणजे स्थूल, घामाघूम आणि दौऱ्याला कंटाळलेले गृहस्थ. डोक्यावर उन्हाची सोला हॅट. मागोमाग उडी मारून उतरले इंद्रभान गुरुजी.

"साहेब, ह्या शाळेत मातीकामातून अक्षरओळख सुरू आहे," गुरुजी म्हणाले. "दाखवा, मास्तर!"

मास्तरांनी रिकामी खिडकी दाखवली.

"अक्षरं कुठं आहेत?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, देवात गेली."

"म्हणजे?"

"म्हणजे... पूजेला बसली साहेब. कोजागिरीला सुटतील."

साहेबांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांना धनजची खाट उचलून कुणीतरी दुसराच नेताना दिसायला लागली. शेवटी साहेब म्हणाले, "जिथं असतील तिथं दाखवा. मला पुढच्या गावी मुक्काम करायचाय."

गिरजाबाईच्या ओट्यावर तोवर दिवेलागणीच्या बाया-पोरी जमल्याच होत्या. घरोघरचे देवही त्या दिवशी इथंच आणले होते, सासरचं सगळं गणगोत एकत्र बसावं म्हणून. साहेब हॅट सावरत पायरी चढणार तोच गिरजाबाई आडवी आली.

"बूट काढा, सायेब."

साहेबांनी बूट काढले.

"बसा चटईवर. आधी गानं होईन, मंग खिरापत ओयखा, मंग देव पाहा. अशी रीत हाय."

"बाई, मी तपासणीला आलोय."

"हो, हो. आमीबी तपासतो न मंग."

आयुष्यभर दुसऱ्यांना प्रश्न विचारलेला माणूस मांडी घालून, हॅट मांडीवर घेऊन चटईवर बसला. गाणं झालं. 'घ'ची पाळी आली तशी सगळ्या बाया मास्तरांकडे बघायला लागल्या.

"चला, मास्तर. घोडा."

"आज राहू द्या, गिरजाबाई. सायेब बसले हायेत."

"सायेब बसले म्हून देव उपाशी ठेवता काय? उपास करनारा एक हाय तो पुरे!"

काय करता! मास्तरांनी काचा मारला. टप टप करत एक फेरी घातली, दुसरी घातली, आणि खिंकाळायला मान वर केली तशी कमर जी अडकली ती अडकलीच. मास्तर घोड्याच्याच आकारात उभे राहिले. बायांना वाटलं, आज साहेबांसाठी खास काही केलं. त्यांनी हात जोडले.

"आता खिरापत!" एक पोर डबा हलवत पुढं आली. डब्यातून आवाज काही येईना.

"चिवडा?" साहेब म्हणाले.

"नाही!" सगळ्या ओरडल्या.

"लाडू? नाही? मग साखर. बत्तासे?"

"नाही! नाही!"

साहेबांना आता खरोखरच चुरस वाटायला लागली. त्यांनी इंद्रभान गुरुजींच्या कानात विचारलं. गुरुजी म्हणाले, "खोबरं." तेही चुकलं.

"हरले म्हना," गिरजाबाई म्हणाली.

"हरलो," साहेब म्हणाले. "काय आहे?"

पोरीनं डबा उघडला. आत काहीच नव्हतं.

"काही नाही! आज 'छ'ची खिरापत हाय. आन त्याचा त उपास असते!"

ओटा हसून हसून लोळायला आला. "नापास, सायेब नापास!" म्हणून एका म्हातारीनं पदरानं डोळे पुसले. साहेबही हसले. हसता हसता थांबले.

"'छ' कोणता?"

सगळ्यांनी बोटं दाखवली. म्हातारीनं, सुनांनी, कडेवरच्या पोरानं.

"आणि हा?"

"'झ'. झुनका."

"हा?"

"'ख'. खिरीचा."

साहेबांनी खडू मागवला आणि सारवलेल्या जमिनीवर उलटसुलट अक्षरं काढली. बायांनी एकही चुकवलं नाही. गिरजाबाईनं तर साहेबांच्या 'छ'ची गाठ नीट बसली नाही म्हणून त्यांना तो पुसून परत काढायला लावला. साहेब उठून उभे राहिले. त्यांचा कंटाळा कुठल्या कुठं पळाला होता.

"गुरुजी, पाहिलंत? माती आहे, गाणं आहे, नाटक आहे, आणि ज्या बायांनी उभ्या जन्मात पाटी धरली नाही त्या वाचतायत! मास्तर, अहो, सरळ उभे राहा की."

"राहता येत नाही, साहेब."

"काय हवं ते मागा!"

मास्तर वाकल्या वाकल्याच म्हणाले, "साहेब, धनज. दुसरं काही नको."

"दिलं! दिवाळीनंतर..."

"काय दिलं?" गिरजाबाई मधे पडली. "कोनाले दिलं? मास्तर चालले काय?"

"त्यांची बदली..."

"वा रे वा! आन आमचे देव? आता कुठं 'झ'परेंत आलो आमी. मी भुलाबाईले बोलली हावो, पुढच्या साली बाकीचं सासर मांडतो म्हून. चुलतसासरे, मावससासवा, सगळे. ते कसे दिसतात, काय खातात, हे कोन सांगन? सांगा, सायेब, तुमी सांगसान? तुमी त नापास झाले!"

बायांचा गिल्ला झाला. पाटील ओट्याखाली उभे होते, तेही म्हणाले, "सायेब, देवाले दिला शब्द हाय. मोडला आन पुढच्या साली पीक बुडालं, त लोक मलेच धरतीन."

साहेबांनी हॅट डोक्यावर चढवली. सरकारी माणूस तो, देवाच्या भानगडीत कशाला पडेल? "बरोबर आहे," ते म्हणाले. "मास्तर, असा माणूस इथून हलवणं म्हणजे गावावर अन्याय. 'ज्ञ'पर्यंत पोचा, मग बघू."

"आन धनज, साहेब?"

"धनजची काळजी नको. तिथं आपण इंद्रभान गुरुजींना देऊ. त्यांना तरी एकदा शाळेत शिकवू द्या."

इंद्रभान गुरुजींच्या डोळ्यांतली चमक त्या दिवशी पहिल्यांदा गेली. पण त्याचं समाधान मानायलाही मास्तरांना मान वर करता येत नव्हती. साहेबांना दया आली. दमणीत चढताना ते म्हणाले, "कमर सरळ होईपर्यंत घरी जा. सरळ झाली की मात्र लगेच हजर व्हा." मास्तरांनी जमिनीकडे बघतच मान हलवली. दर भुलाबाईला असे चार-सहा देव म्हटले तर 'ज्ञ'पर्यंत पोचायच्या आत आपल्याच फोटोला कुंकू लागेल, एवढा हिशेब त्यांना वाकल्या वाकल्याही आला.

दुसऱ्या दिवशी धनजला पोचले तेव्हा दिवस कलला होता. तुळसाबाई मळ्यात वांगी तोडत होती. तिनं नवऱ्याला तसा वाकलेला येताना पाहिलं आणि टोपली ठेवली.

"काय हरपलं? काय शोधून राह्यले?"

"बदली," मास्तर म्हणाले, आणि खाटेवर आडवे होत सगळं सांगून टाकलं. तुळसाबाई गरम तेल कमरेला चोळत ऐकत होती. घोड्याला हसली, डिप्टीच्या फजितीला हसली. बायांनी अक्षरं ओळखली, हे ऐकलं मात्र, आणि तिचा हात थांबला.

"साऱ्या बायाइले आलं?"

"साऱ्याइले. म्हाताऱ्याइलेबी."

"बरं झालं," ती म्हणाली. बोटावरचं तेल परत कमरेला लावत म्हणाली, "मले एक नाही येत. मास्तरची बायको म्हून गाव मले चिठ्ठ्या वाचाले आनते. मी म्हनतो, डोये दुखतात."

मास्तरांना कमरेपेक्षा हे जास्त लागलं. एवढ्या वर्षांत सणाला आले, जेवले, झोपले, आणि परत गेले. लाज वाटली, खरोखर लाज वाटली. कण्हत खाटेवरून उतरले, मळ्याच्या पाटाच्या कडेची ओली माती घेतली आणि तिथंच बसून एक अक्षर केलं.

"हे कोनतं?"

"'त'."

"हे काय खाते?"

"खात नाही," मास्तर म्हणाले. "हे तुळसाचं हाय."

तुळसाबाईनं ते तळहातावर घेतलं, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. मग आत गेली. तिच्याही देवळीत भुलाबाई बसलेली होती. बाहेर आली तेव्हा तिच्या बोटाला कुंकू होतं.

"अवं, काय केलं हे?"

"मांडला देव. आता घरच्या मानसाले कोजागिरीलोक घर सोडता येत नाही."

"अशी रीत कुठं हाय?"

"आजपासून हाय."

मास्तरांनी वाद घातला नाही. वाद घालायचं बळच नव्हतं. त्या दिवशी त्यांनी दोन्ही बाजूंनी भाजलेली भाकरी खाल्ली आणि आपल्या सुंभाच्या खाटेवर पाय पसरले.

तेलानं म्हणा, खाटेनं म्हणा, सकाळी उठले तर कमर सरळ. ठणक नाही, काही नाही. मास्तर घाबरेघुबरे होऊन अंगणात ताठ उभे राहिले. 'सरळ झाली की लगेच हजर व्हा', साहेबांचे शब्द कानात वाजायला लागले. तेवढ्यात विहिरीवरून घागर घेऊन तुळसाबाई आली. तिनं नवऱ्याला पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं.

"वाका," ती हळूच म्हणाली. "कोनी पाह्यन."

मास्तर वाकले.